अर्धी वीट

वारज्यातील आमच्या इमारतीच्या गच्चीच्या दारावर बसवलेले डिजिटल कुलूप गेल्या पौषात एका गुरुवारी, दुपारी बाराच्या आत, तोडण्यात आले. त्यासाठी खलबत्त्यातला लोखंडी बत्ता वापरला गेला. तोडणाऱ्या बाई सोसायटीच्या सभासद नाहीत. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या एका गृहस्थांच्या त्या कन्या, आणि त्या दिवशी त्या गृहस्थांचा तेरावा होता. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर या घटनेची नोंद 'सामायिक मालमत्तेचे नुकसान' अशी झाली. तिच्याखाली कुणीतरी हात जोडल्याचे चिन्ह टाकले. ते नुकसानीबद्दल होते की मृताबद्दल, हे स्पष्ट झाले नाही.

हे गृहस्थ माझे घरमालक. इमारतीतले लोक त्यांना समोर काका म्हणत आणि मागे पुंडलिक. पाचव्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावरचा त्यांचा दुसरा फ्लॅट गेली बरीच वर्षे माझ्याकडे भाड्याने आहे. गच्चीचा जिना माझ्या दारावरूनच जातो, त्यामुळे पुढे जे लिहिले आहे त्यातले बरेचसे पाहिलेले आहे. उरलेले त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, वेगवेगळ्या वेळी सांगितलेले.

काका पिंपरीकडच्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात होते. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, विभाग सुटला नाही.

फ्लॅट पाहायला मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा त्यांनी माझी नोकरी, गाव, लग्न यांतले काहीच विचारले नाही. मला आतल्या खोलीत उभे केले.

"डोळे मिटा."

"कशाला?"

"मिटा तर खरं. आता इथून बाहेर यायचं, कडी काढायची, जिना उतरायचा आणि माझ्या दारापाशी थांबायचं. मधे डोळे उघडलेत तर पहिल्यापासून."

जिन्याच्या वळणावर माझा पाय चपलांच्या स्टँडला लागला. मागून काकांचा आवाज आला, "हे इथून हलवायचंय." ते मला नव्हे, स्टँडच्या मालकाला उद्देशून होते आणि तो मालक बंद दाराआड होता. मी खाली पोहोचल्यावर डोळे उघडायची परवानगी मिळाली. "आधी एक आयटीतले आले होते," काका म्हणाले. "म्हणे मोबाइलचा टॉर्च लावीन. म्हटलं, मग तुम्ही मोबाइललाच खोली बघा."

फ्लॅट मला मिळाला. खिडक्यांना जाळ्या बसवायच्या नाहीत आणि जिन्यात काहीही ठेवायचे नाही, सायकलसुद्धा नाही, एवढ्या त्यांच्या अटी होत्या. भाडे त्यांनी अनेक वर्षे वाढवले नाही. ते विसरले असावेत.

ते बाहेर पडताना खांद्याला कापडी पिशवी असे. तिच्यात छत्री, पाण्याची बाटली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली अर्धी वीट. ज्या इमारतीत, सभागृहात किंवा कार्यालयात ते जात, तिथे आधी मागचे दार शोधत आणि ते उघडे असेल तर मिटू नये म्हणून खाली वीट लावत. काम झाले की वीट काढून पिशवीत. अर्धीच का, असे मी विचारले होते.

"अख्खी वीट लोक नेतात हो. अर्धी कुणी नेत नाही."

नाट्यगृहात ते कडेच्या खुर्चीवर बसत. तिकीट मधले मिळाले तर कडेच्या माणसाशी बदलून घेत, आणि त्याने नाही म्हटले तर नाटक न पाहता परत येत. बांधकाम चालू असलेल्या इमारतीसमोरून चालत जाताना ते डोक्यावर हेल्मेट घालत. समोरच्या वाण्याने एकदा विचारले, "काका, गाडी कुठंय?"

"गाडी घरी आहे. वीट माणूस बघून पडते, गाडी बघून नाही."

हेल्मेटच्या प्रश्नावर या शहरात जे मत आहे, ते त्यांच्या मित्रांचेही होते. सकाळी टेकडीवर जमणाऱ्या निवृत्तांच्या गटात हेल्मेटसक्तीला विरोध हा एकमताचा विषय होता. मान दुखते, ऐकू येत नाही, केस जातात. ज्यांचे आधीच गेलेले होते तेही हे सांगत. काका त्या गटात काही महिने गेले आणि मग थांबले. त्यांच्या मते वाद घालायला हरकत नव्हती, पण समोरचा माणूस जिवंत राहण्याच्या विरोधात आहे हे एकदा कळले की पुढे बोलायला काही उरत नाही.

रिकाम्या चौकात लाल दिव्याला ते स्कूटर घेऊन एकटे उभे राहत. मी मागे बसलेलो असताना एकदा पाठीमागून हॉर्न वाजायला लागला.

"ओ काका, चला की! पोलीस नाहीये."

"दिवा आहे ना."

"मग दिव्याला नमस्कार करा आणि चला."

काका वळले नाहीत. हॉर्नवाला शेजारून निघून गेला. जाताना त्याने जे म्हटले ते छापण्याजोगे नाही. काकांनी एवढेच म्हटले, "आपल्याकडे नियम मढ्यामागून येतो. आधी कुणीतरी जावं लागतं. मग फलक लागतो. मग फलकावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो."

कॅमेऱ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. खाली पार्किंगमध्ये कॅमेरे बसले तेव्हा सगळ्यांना पेढे वाटले गेले. काकांनी पेढा घेतला आणि म्हणाले, "चोर कसा दिसत होता ते आता कळेल. छान."

दारांचे हे वेड कुठून आले, याबद्दल त्यांनी वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळे सांगितले. मला सांगितले की कारखान्यातल्या रंगकामाच्या शेडला मुकादम बाहेरून कडी घालत असे, कामगार चहाला पळू नयेत म्हणून, आणि एकदा आत आग लागली. वॉचमनला सांगितले की लहानपणी गावच्या तंबूतल्या सिनेमात चेंगराचेंगरी पाहिली. काकूंना काहीच सांगितले नाही. त्यांच्यासोबत काम केलेल्या दोघांना मी विचारले. एक म्हणाले, आमच्याकडे आग कधीच लागली नाही. दुसरे म्हणाले, लागली होती, पण कुणाला काही झाले नाही. पुष्टी होऊ शकली नाही.

मुलीचे लग्न मी तिथे राहायला आल्यानंतर दुसऱ्या वर्षी झाले. कार्यालय कर्वेनगरच्या बाजूचे होते. एकच मुलगी. हॉल भरलेला, अक्षता वाटून झालेल्या, अंतरपाट धरलेला, गुरुजींनी घसा साफ केलेला, आणि वधूपिता जागेवर नाहीत. ते स्वयंपाकघरामागच्या दारापाशी सापडले. दाराला साखळी होती, साखळीला कुलूप होते आणि कुलपासमोर कार्यालयाचे व्यवस्थापक होते.

"काका, हे दार उघडं ठेवलं की बाहेरची माणसं येऊन जेवून जातात. सीझनला फार त्रास आहे."

"जेवू देत. दार उघडा."

"किल्ली मालकांकडे आहे."

"मालक कुठे आहेत?"

"कात्रजला."

"बोलवा."

तोवर गुरुजी मागे आले होते. "यजमान, मुहूर्त चाललाय."

"मुहूर्त दुसरा काढता येतो."

"कुठून काढणार? पंचांग तुमच्या कारखान्यात छापतात का?"

मुलाचे वडील आले. ते शांत गृहस्थ होते आणि शांतपणेच म्हणाले, "अहो, आमची माणसं इथं जेवायला आलीत. जळायला नाही आली."

"तेच म्हणतोय मी," काका म्हणाले.

अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले, तेव्हा दोघे बदलले. लोकांच्या मुठीतल्या अक्षता घामाने ओल्या झाल्या. मुलगी पाटावर उभी होती. तिने तिथूनच, ओरडून नव्हे, पण हॉलभर ऐकू जाईल असे म्हटले, "बाबा, पुरे."

"पाच मिनिटं, बाळ."

किल्ली कात्रजहून आली तोवर मुहूर्त टळला होता. दार उघडले. काकांनी पिशवीतून वीट काढून खाली लावली, हात झटकले आणि मांडवात येऊन उभे राहिले. गुरुजींनी अभिजित मुहूर्तावर लग्न लावले आणि तसे माइकवरून जाहीर केले. ते जाहीर करायला नको होते, असे मुलाकडच्यांचे मत पडले. पंगत चालू असताना मागच्या दाराने दोन अनोळखी गृहस्थ आले आणि बासुंदी खाऊन गेले. व्यवस्थापकांनी ते दोघे काकांना दाखवले. काका म्हणाले, "बघा, येता येतं म्हणजे जाताही येतं."

मुलीच्या सासरी त्या दिवशी कुणी काही बोलले नाही. पुढे मात्र बोलत राहिले. तिच्या पहिल्या बाळाला ताप आला तरी त्या टळलेल्या मुहूर्ताचा विषय निघे, दिराची नोकरी गेली तरी मुहूर्त निघे. हे काकूंनी सांगितले. मुलगी रोज आईला फोन करी. काकांनी उचलला तर "आईला द्या" एवढेच म्हणे. माहेरी येई ती काका भाजीला गेले की, आणि ते परतायच्या आत निघे. काही वेळा जिन्यात त्यांची गाठ पडली. मी एकदा पाहिले आहे. काका भिंतीला लागून उभे राहिले, तिला उतरायला वाट मोकळी मिळावी म्हणून.

मी त्यांना एकदाच विचारले, त्या दिवशी थांबायला हवे होते असे वाटते का.

"दार उघडलं ना?" ते म्हणाले. मग म्हणाले, "पण ती अंतरपाटामागे होती. मला तिचा चेहरा दिसला नाही."

आमच्या गच्चीचे दार हा त्यांचा सर्वांत लांबलेला विषय. सोसायटीने ते बंद ठेवायचे ठरवले त्याला कारणे होती. कुणाचे वाळत घातलेले पापड गेले होते. कॉलेजची मुले वर जाऊन सिगारेट ओढत. पाण्याच्या टाकीचे झाकण एकदा उघडे सापडले. कुलूप लागले. काकांनी पेचकस घेऊन कोयंडाच काढून ठेवला आणि दाराखाली वीट लावली. सोसायटीने नवा कोयंडा बसवला. काकांनी तोही काढला. त्यांनी नियम दाखवले, अग्निशमन दलाचे पत्रक दाखवले. सभेत एका सभासदाने विचारले, "काका, इतक्या वर्षांत आपल्याकडे एकदा तरी आग लागलीय का?" काकांनी खरे ते सांगितले. नाही. टाळ्या पडल्या नाहीत, पण हशा झाला. शेवटी लोखंडी दार आले, त्याला दाराच्या आतच बसवलेले, पेचकसाने न निघणारे कुलूप आले आणि त्याची किल्ली वॉचमनकडे गेली.

पुढच्या उन्हाळ्यात एका रविवारी सकाळी खालच्या मीटरच्या खोलीतून धूर यायला लागला. वीज गेली. धूर जिन्यातून वर चढला. लोक बाहेर पडले आणि सगळे खाली धावले, मीटरच्या खोलीवरून, कारण गाड्या खाली होत्या. प्रत्येकाने आपली गाडी बाहेर काढली. कुणी दोन काढल्या. त्या सगळ्या गाड्या समोरच्या गल्लीत उभ्या राहिल्या, त्यामुळे अग्निशमन दलाचा बंब गल्लीच्या तोंडाशी अडकला. जवान पायी आत आले. आग तोवर वॉचमनने वाळूच्या बादलीने विझवली होती. त्या बादल्या काकांनी हट्टाने ठेवायला लावल्या होत्या. एकीत कुणीतरी कोरफड लावली होती. ती त्याने तशीच आगीवर टाकली.

मी त्या दिवशी गावी होतो. काकू आणि काका काय करत होते, ते काकूंनी सांगितले. त्यांचे गुडघे दुखतात. काका त्यांना हाताला धरून वर घेऊन गेले, कारण धूर खालून येत असेल तर गच्चीवर जायचे, हे त्यांनी त्यांना वर्षानुवर्षे शिकवले होते. दार बंद होते. किल्ली वॉचमनकडे होती आणि वॉचमन खाली आग विझवत होता. दोघे वरच्या पायरीवर बसून राहिले. काकांनी पदर ओला करून काकूंच्या नाकाला धरला आणि दुसऱ्या हाताने दार वाजवत राहिले, वर कुणी नाही हे माहीत असूनही.

"आयुष्यभर दार दार केलं यांनी," काकू म्हणाल्या, "आणि वेळेला बंद. मी म्हटलं, अहो, चार पावलं खाली गेलो असतो तर सुटलो असतो. तर म्हणाले, हो."

काकूंचा खोकला महिनाभर टिकला. मुलगी आली, आईला घेऊन गेली, बरे वाटल्यावर आणून सोडले. या वेळी ती काका घरात असताना आली. ते जेवणाच्या टेबलापाशी बसले होते. ती म्हणाली, "तुम्ही तिला वर का नेलंत?"

त्यानंतरच्या सभेत दार उघडे ठेवण्याचा ठराव आला नाही. किल्लीचा घोळ मात्र सर्वांना मान्य होता. सेक्रेटरी तरुण आहेत, हिंजवडीला एका कंपनीत आहेत, आणि कामाला तत्पर आहेत. त्यांनी बोटाच्या ठशाने आणि मोबाइलवरून उघडणारे कुलूप आणले.

"काका, आता वादच मिटला. सगळ्यांचे ठसे फीड करतो."

"वीज गेली तर?"

"बॅटरी आहे ना."

"बॅटरी गेली तर?"

"आधी नोटिफिकेशन येतं."

"कुणाला?"

"मला."

"आणि आपण कुठे असता?"

"ऑफिसला." सेक्रेटरी हसले. "पण काका, मी जगात कुठूनही उघडू शकतो."

"जगात कुठूनही," काका म्हणाले. "फक्त पायरीवरून नाही."

ठसे घेतले गेले. काकांच्या बोटांचा ठसा यंत्राला लागला नाही. वयाने बोटे गुळगुळीत झाली होती. सेक्रेटरी म्हणाले, पुढच्या आठवड्यात पुन्हा प्रयत्न करू. तो झाला नाही आणि काकांनी आठवण केली नाही.

नंतर त्यांनी पिशवी नेणे सोडले. वीट त्यांच्या गॅलरीत कुंडीखाली गेली, पाणी साचू नये म्हणून. एका मुंजीला आम्ही बरोबर गेलो होतो. मी सवयीने त्यांच्यासाठी कडेची खुर्ची धरली. ते पुढे जाऊन मधल्या रांगेत, मधोमध बसले. मी विचारले. "कुठेही बसलं तरी जेवण तेच," ते म्हणाले. चौकात मात्र लाल दिव्याला थांबत राहिले. स्कूटर विकल्यावर पायी जातानाही थांबत.

मृत्यू दुपारी, जेवणानंतरच्या झोपेत झाला. डॉक्टरांनी कारण नैसर्गिक लिहिले. मुलगी तासाभरात आली आणि तेराव्यापर्यंत राहिली.

तेराव्याला पान गच्चीवर ठेवायचे होते, बाराच्या आत. मुलगी पान घेऊन वर गेली. तिचा ठसा यंत्रात असण्याचा प्रश्न नव्हता, भाडेकरू म्हणून माझाही नव्हता. काकूंचा होता, पण त्यांना जिना चढवेना. वॉचमनने स्वतःचे बोट लावून पाहिले. कुलपाने आवाज केला नाही. त्याने सेक्रेटरींना फोन लावून स्पीकरवर टाकला. ते मीटिंगमध्ये होते, तरी उचलला.

"ताई, एक मिनिट, इथून करतो. हां. झालं. उघडलं."

"नाही उघडलं."

"अ‍ॅपवर ओपन दाखवतंय, ताई."

"मग तुम्ही अ‍ॅपवर पान ठेवा," ती म्हणाली.

खालून गुरुजींनी हाक दिली, वेळ चाललीय. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई जिन्यात आल्या होत्या. त्यांनी सुचवले, "अगं, गॅलरीत ठेव ना. कावळ्याला काय, कुठेही येतो." तिने त्यांच्याकडे पाहिले. पान माझ्या हातात दिले, खाली गेली आणि बत्ता घेऊन वर आली. सेक्रेटरी फोनवर होतेच. पहिल्या घावाला ते म्हणाले, "ताई, हे काय चाललंय?" पुढचे घाव तिने न थांबता घातले. कुलूप निखळून पायरीवर पडले. त्यावरचा हिरवा दिवा तेव्हा लागला.

तिने पान टाकीजवळ ठेवले आणि बाजूला झाली. दार वाऱ्याने मिटायला लागले, ते तिने पाठीने धरून ठेवले. सगळे खाली जेवायला गेल्यावरही ती तिथेच होती.

कावळा आला की नाही, याबद्दल दोन मते आहेत. काकू म्हणतात, आला.

सोसायटीने नव्या कुलपासाठी सभा बोलावली. गणपूर्तीअभावी ती तहकूब झाली. पुढची तारीख अद्याप कळवलेली नाही. गच्चीचे दार सध्या उघडे आहे. त्याच्या खाली अर्धी वीट लावलेली आहे. काकूंच्या गॅलरीतली कुंडी आता थेट फरशीवर आहे.